बाबा आमटे

मुरलीधर देवीदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (जन्म : २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट, जि. वर्धा, मृत्यू : ९ फेब्रुवारी २००८, आनंदवन, वरोरा) हे कुष्ठरुग्ण व अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाचे कार्य करणारे मराठी समाजसेवक आणि कवी होते. आयुष्याच्या उत्तरार्धात मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहून किंवा आडवे पडूनच त्यांनी पुढील अनेक वर्षे काम केले.

पूर्वायुष्य

बाबांचा जन्म वैदर्भीय जमीनदार कुटुंबात झाला. नागपूर येथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वरोरा येथे वकिली केली. तरुणपणी त्यांना शिकारीचा, मोटारींचा व चित्रपटांचा षोक होता. चरित्रलेखनात या षोकांना बरीच जागा मिळते. पुढील कार्याशी त्यांचा संबंध मात्र थोडाच. १९४२ च्या आंदोलनात अटक झालेल्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ हे नाव दिले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. याच पुढे साधनाताई आमटे म्हणून परिचित झाल्या.

कुष्ठसेवेकडे

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबा सफाई कामगारांसोबत मैला वाहण्याचे काम करीत. या काळात भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. त्याची अवस्था पाहून बाबा भयाने तेथून निघून गेले. त्या भयाची त्यांना लाज वाटली; ते परत फिरले आणि तुळशीरामच्या मृत्यूपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली.

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा त्यापूर्वीच सुरू झाली होती. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, तर डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावती येथे ‘तपोवन’ उभारले होते. बाबांनी दत्तपूर येथे काम पाहिले आणि १९४९ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तेथे जंतूंच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले होते. त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. त्यानंतर वरोऱ्याभोवतीच्या गावांत साप्ताहिक उपचार केंद्रे सुरू झाली.

आनंदवन आणि पुनर्वसन

जून १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. उद्घाटन विनोबा भावे यांच्या हस्ते झाले. पहिले काम विहीर खोदण्याचे होते, आणि ते रुग्णांनीच केले.

त्या काळी सल्फोन गटातील औषधांमुळे कुष्ठरोग बरा होऊ लागला होता. तथापि औषधाने जंतू मरतात, मेलेली मज्जा पुन्हा जिवंत होत नाही. हाताला चटका कळत नाही, पायात काटा रुतलेला समजत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे झडतात. शिवाय मज्जा निकामी झाल्याने स्नायू दुबळे होऊन बोटे आत वळतात. यावर व्यायामोपचार हाच नित्याचा उपाय आहे : हात-पाय पाण्यात भिजवणे, तेल लावून हलके चोळणे, वळलेली बोटे दुसऱ्या हाताने सरळ करणे, आणि रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासणे. स्पर्शाचे काम येथे डोळ्यांनाच करावे लागते.

वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रियाही होते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. चांगल्या स्नायूचा कंडरा हलवून तो बोटांना जोडतात. त्यानंतर सुमारे तीन आठवडे प्लॅस्टर असते आणि मग खरी परीक्षा सुरू होते, कारण एक काम करणाऱ्या स्नायूला दुसरे काम शिकवायचे असते. हा सराव घरी चुकला, तर शस्त्रक्रियेचा लाभ मोठ्या प्रमाणात वाया जातो.

बाबांचा भर याच्याही पुढच्या टप्प्यावर होता. बरा झालेला रुग्ण गावी परतला, तर त्याला घरात घेत नसत. भीक मागणे एवढाच मार्ग उरे, आणि अनवाणी भटकंतीत पायाच्या जखमा पुन्हा चिघळत. म्हणून शेती, विणकाम, सुतारकाम, लोहारकाम अशी कामे देऊन रुग्णाला कमावता करणे हे आनंदवनाचे सूत्र ठरले. सुरुवातीला येथील भाजी बाजारात कोणी घेत नसे. विदेशी स्वयंसेवकांनी येथे राहून तेच अन्न खाल्ल्यावर गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. पुढे महाविद्यालय, अंधशाळा, इतर अपंगांसाठी ‘संधिनिकेतन’, सोमनाथ प्रकल्प आणि १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभे राहिले.

मणक्याचा विकार

बाबांच्या मानेच्या व कमरेच्या मणक्यांची झीज होऊन तीव्र वेदना सुरू झाल्या. शस्त्रक्रिया झाल्या, पण बसणे कायमचे सुटले. बसल्यावर, विशेषतः वाकून बसल्यावर, कमरेच्या चकत्यांवर उभे असतानापेक्षा अधिक भार येतो. त्यामुळे अशा रुग्णाला कुशीवर वळताना अंग एकसंध ठेवणे, थोडे थोडे चालणे वाढवणे आणि वाकणे टाळणे शिकावे लागते. बाबांच्या बाबतीत ही पथ्ये काही महिन्यांची न राहता आयुष्यभराची झाली. त्यांची शुश्रूषा मुख्यतः साधनाताईंनी केली. बाबांचे नाव गाजले. या रोजच्या श्रमाची नोंद मात्र अनेकदा राहून जाते.

डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ अभियानात १०० हून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होत्या. बाबा मात्र बसमध्ये खाटेवर आडवे होऊन त्यांच्यासोबत काश्मीरपर्यंत गेले. १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात असे दुसरे अभियान झाले. १९९० पासून सुमारे दशकभर ते नर्मदेच्या काठी कसरावद येथे राहिले आणि धरणविरोधी आंदोलनात सहभागी झाले.

साहित्य व सन्मान

‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध आहे. साधनाताईंचे आत्मचरित्र ‘समिधा’ या नावाने प्रकाशित झाले. बाबांना पद्मश्री (१९७१), मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६), टेम्पलटन पुरस्कार (१९९०) आणि गांधी शांतता पुरस्कार (१९९९) हे सन्मान लाभले.

अखेरच्या काळात त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचे निधन झाले. देहाचे दहन न करता तो आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला. साधनाताईंचे निधन ९ जुलै २०११ रोजी झाले. आनंदवनाचे काम पुढे डॉ. विकास आमटे यांनी, तर हेमलकसाचे काम डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सांभाळले.