पुण्यश्लोक अहिल्यादेवी : बांधले आणि राखले

जीर्णोद्धार म्हटले की महाराष्ट्रात पहिले स्मरण होते ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे. चौंडी या लहानशा गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेले. दुःखाचे असे डोंगर कोसळले असता या माउलीने राज्याची धुरा हाती घेतली. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथून २८ वर्षे कारभार पाहिला.

काशीचे विश्वेश्वर मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले होते. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १७८० मध्ये, मूळ जागेच्या शेजारी अहिल्यादेवींनी ते पुन्हा उभे केले. सोमनाथास जुने मंदिर भग्न झालेले. तेथे जवळच १७८३ मध्ये नवे मंदिर बांधून पूजा सुरू केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. काशी, गया, सोमनाथ ही स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची. पण धर्मकार्यास त्यांनी सीमा मानली नाही. देवळांबरोबर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रेही झाली, कारण देवाच्या दारी येणाऱ्या वाटसरूला पाणी व निवारा हवाच.

हा खर्च कोठून झाला, हे प्रत्येक देणगीदाराने जाणून घ्यावे असे आहे. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न पुढे अहिल्यादेवींकडे आले व तेच त्यांनी दानधर्मास लावले. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, असा हिशेब चोख ठेवला. एवढी बांधकामे करणाऱ्या या राणीचा महेश्वरातील स्वतःचा वाडा मात्र साधाच राहिला.

त्याहून मोठी गोष्ट ही की, कळस चढवून त्या थांबल्या नाहीत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती व अन्नछत्र पुढे चालावे म्हणून त्यांनी ठिकठिकाणी कायमच्या नेमणुका करून दिल्या. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेचे पाणी पोहोचविण्याची व्यवस्था लावली. महेश्वरात विणकर वसवून त्यांच्या हातांना काम दिले. तेथील लुगड्यांचा लौकिक आजही टिकून आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला. १९४८ मध्ये होळकरांचे संस्थानही विलीन झाले. राज्य गेले, पण घाटांवरचे स्नान आणि देवळांतील घंटानाद थांबला नाही.

गावाने एकजुटीने देऊळ उभारणे हे मोठे पुण्य खरेच. परंतु पावसाळ्यात शिखराला चीर पडली तर कोण पाहील, रोजच्या दिव्याला तेल कोठून येईल, बारवेतला गाळ दरसाल कोण काढील, याची तरतूद ज्या दिवशी होते त्या दिवशी जीर्णोद्धार पूर्ण होतो. अहिल्यादेवींच्या चरित्राने घालून दिलेला हा धडा आहे. तो आचरणात आणणे हेच त्या थोर मातेला खरे वंदन होय.