पंखांवरच्या रेघा

उन्हाळ्यात तुम्ही युरोपातल्या एखाद्या रानात गेलात, तर झुडपांची पानं नीट बघा. कधी कधी पानावर एक लांबट, काळी माशी तुरुतुरु पळत असते. पोटावर नारिंगी पट्टा, मागच्या मांड्या जाड. बघणारा घाबरतो, त्याला वाटतं ही गांधीलमाशीच! पण पंख मोजा. गांधीलमाशीला चार असतात, हिला दोनच.

अशा माश्यांच्या गटाला झायलोटा म्हणतात. ग्रीक भाषेत झायलॉन म्हणजे लाकूड. या माशीच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, म्हणून हे नाव शोभतं. १८२२ साली ते दिलं योहान विल्हेल्म मायगेन यांनी.

मायगेन यांचा जन्म १७६४ सालचा, जर्मनीतल्या झोलिंगेन गावातला. घरची परिस्थिती बेताचीच. पुढे श्टोलबेर्ग गावात ते मास्तर झाले. शाळेत फ्रेंच शिकवायचे, शिवाय संगीताच्या शिकवण्या घ्यायचे. तरी पैसे पुरायचे नाहीत. उरलेला वेळ मात्र माश्यांचा!

आता अडचण बघा. रंगावरून माशी ओळखायला जाल तर फसाल, कारण वेगवेगळ्या माश्या एकसारख्या दिसतात. त्या काळी काही अभ्यासक माशीचं तोंड तपासायचे. पण ते किती बारीक! मायगेन यांनी माशीच्या मिशा पाहिल्या आणि पंख भिंगाखाली धरले. पंखांवर शिरांच्या रेघा असतात. कुठली शीर कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, हे प्रत्येक गटात वेगळं असतं. त्यांनी माशीमागून माशी तपासली आणि चित्रं काढली, तीही स्वतःच्या हातांनी.

त्यातून युरोपातल्या माश्यांवरचा मोठा ग्रंथ तयार झाला. १८१८ ते १८३८, वीस वर्षांत सात खंड! तुमच्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिमुकली माशी आहे ना, तिचं ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर हे नावही त्यांचंच, १८३० सालचं.

म्हातारपणी मायगेन यांनी आपला संग्रह आणि चित्रं पॅरिसच्या संग्रहालयाला विकली. आयुष्यभर जमवलेलं असं देऊन टाकायचं, मला तर कल्पनाच करवत नाही. १८४५ साली बॉन विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ते ऐंशी वर्षांच्या पुढे होते. त्याच वर्षी जुलैत ते वारले. त्यांचे माश्यांचे नमुने आजही पॅरिसला आहेत.