आयदक्की लक्कम्मा : मापाचा संसार



मिळकत थोडी आणि खर्च अनेक, ही अडचण घेऊन कितीतरी गृहस्थ व माता मठात येतात. मुलांच्या फीची तारीख, आजारपण, लग्नकार्य, उधारीची वही यांतच मन गुंतले की इष्टलिंगपूजेतही चित्त ठरत नाही. अशा सर्वांनी शिवशरणी लक्कम्मा व त्यांचे पती आयदक्की मारय्या यांचे चरित्र अवश्य मनन करावे.

हे दांपत्य इ. स. च्या १२ व्या शतकातील. रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वर हे त्यांचे मूळ स्थान. बसवण्णांची कीर्ती ऐकून ती दोघे कल्याणास, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणास, येऊन राहिली. कन्नड भाषेत अक्की म्हणजे तांदूळ आणि आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते. त्या वेचलेल्या दाण्यांवर लक्कम्मा घर चालवीत आणि त्यातूनच जंगमांचा दासोहही घडे. त्यांच्या कायकावरूनच मारय्यांचे नाव पडले. हलके काम म्हणून त्यांना कधी लाज वाटली नाही.

एकदा मारय्या अनुभवमंटपातील चर्चेत रमले आणि कायकाची वेळ टळू लागली. तेव्हा लक्कम्मांनीच त्यांना कायकाची आठवण करून दिली. ज्ञानचर्चा श्रेष्ठ खरी, पण तिच्या निमित्ताने आपले काम चुकवणे त्यांना मान्य नव्हते. कायकात गुंतलेल्याने गुरुदर्शन वा लिंगपूजेचाही विसर पडला तरी चालेल, कारण कायकातच कैलास आहे, असा आशय पुढे स्वतः मारय्यांच्याच वचनात आला.

दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. परंपरा सांगते की, या दांपत्याची परीक्षा पाहण्यासाठी बसवण्णांनी अंगणात नेहमीपेक्षा अधिक तांदूळ सांडवले. मारय्यांनी ते सर्व वेचून घरी आणले. ओटी पाहताच लक्कम्मांच्या ध्यानात आले की आज माप वाढले आहे. त्यांनी पतीस बजावले की आशा राजाला शोभेल, शिवभक्ताला नव्हे. नित्याचे तेवढे ठेवून बाकीचे जेथून आणले तेथेच टाकून यावे. मारय्यांनी पत्नीचे ऐकले आणि अधिकाचे तांदूळ परत नेऊन टाकले. पुढे त्याच नित्याच्या मापातून लक्कम्मांनी बसवण्णांसह शरणांना घरी पाचारून दासोह केला. १५ व्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादनेतही या दांपत्याची कथा आली आहे.

येथे तुम्ही विचाराल की, मग आम्ही अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकू नयेत काय? अवश्य टाकावेत. लेकरांचे शिक्षण आणि वृद्धांचे औषधपाणी या गृहस्थाच्या गरजाच आहेत, त्या मापातच धराव्यात. लक्कम्मांनी नाकारली ती गरज नव्हे. आयते दिसले म्हणून उचलण्याची वृत्ती त्यांनी नाकारली. आपल्या घरात ती वृत्ती हप्त्यावर आणलेल्या वस्तूच्या रूपाने येते, शेजाऱ्याच्या बरोबरीने मांडव घालण्याच्या हौसेतून येते. वस्तू आज घरात दिसते, पण तिचा दाणा उद्याच्या ताटातून गेलेला असतो.

लक्कम्मांना अधिक झालेले ओळखता आले, कारण पुरेसे किती हे त्यांना आधीच ठाऊक होते. आपल्यापैकी किती घरांत हे माप ठरलेले आहे? मिळकत हाती येण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून ते ठरवावे. धान्य, शिक्षण, औषध, शिल्लक आणि दासोहाचा मूठभर वाटा यांचा हिशेब दोघांनाही ठाऊक असावा. ज्या घरात कर्जाची गोष्ट पत्नीला सावकार दारात आल्यावर कळते, त्या घरात लक्कम्मा बोलणार तरी केव्हा? आणि ती बोललीच, तर मारय्यांप्रमाणे ऐकून घेण्याची तयारी पुरुषाकडेही हवी.

दासोह उरले तर करू, असे म्हणू नये. लक्कम्मांच्या घरी उरण्याजोगे काहीच नव्हते, तरीही दासोह चुकला नाही. चित्त शुद्ध असलेल्यास दारिद्र्य नाही, ही त्यांची शिकवण होती आणि वेचलेल्या दाण्यांवर संसार करून त्यांनी ती आचरून दाखवली.

येत्या सोमवारी लिंगपूजेनंतर आपल्या घरचे माप दोघांनी मिळून एकदा कागदावर मांडून पाहा.