कुंभोजचे कर्मवीर

वारकरी मुक्कामाच्या गावी रात्र काढतो, तिथली भाकरी खातो आणि पहाटे पताका खांद्यावर घेऊन पुढे निघतो. गाव गोड लागले म्हणून तो तिथेच बसत नाही, आणि गाव सोडले म्हणून त्याला नावेही ठेवीत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आम्हांस असेच दिसते.

कोल्हापूर संस्थानातील कुंभोज गावी, जैन घराण्यात, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव जन्मले. शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर स्नान करूनच पंगतीला बसावे असा हुकूम झाला. पोरगा हट्टी! स्नान केले नाही, बोर्डिंग सुटले. तेव्हा आसरा दिला तो शाहू महाराजांनी.

त्या बोर्डिंगचे चालक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उठले आणि लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना राग काढायची संधी चालून आली होती. पण भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंग सोसला, छळ सोसला. जीव नकोसा झाला, तरी खोटे बोलले नाहीत. ज्याने घराबाहेर काढले त्याच्यासाठी इतके सोसायचे, ही का लहान गोष्ट!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली काढलेल्या सत्यशोधक समाजाचे काम भाऊरावांनी मनापासून केले. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडले, तेव्हा शेतकऱ्याचे दुखणे त्यांना जवळून कळले. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, आणि विद्येवाचून रयतेची सुटका नाही, हे दोन धडे त्यांनी चळवळीतून घेतले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, तीही सत्यशोधकांच्या परिषदेतच.

पुढे चळवळीचे पाणी दुसरीकडे वळले. कौन्सिलातल्या जागा आल्या, पक्ष आला, आणि कुठे कुठे जुलमाचा राग जातीच्या द्वेषावर उतरला. भाऊरावांनी शाळेची वाट धरली. १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची पोरे एका पंगतीत जेवू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, विकले. त्या माउलीपुढे आम्ही हात जोडतो. काँग्रेसकडे संशयाने पाहणारे अनेक ब्राह्मणेतर पुढारी असतानाही, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले गेले. भाऊराव खादी वापरू लागले; पण संस्थेचे नाव ‘रयत’च राहिले आणि पंक्तिभेदही परत आला नाही. १९५४ साली कराडच्या कॉलेजास त्यांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

९ मे १९५९ रोजी अण्णांनी देह ठेवला.

मंडळी, आपणही कुठल्या ना कुठल्या मंडळात, फडात, चळवळीत घडतो. तिथे द्वेष शिरला तर त्याच्या मागे जाऊ नये. पण जे सत्य तिथे हाती लागले ते खाली टाकू नये. अण्णांनी द्वेष मागे ठेवला आणि धडा बरोबर नेला, म्हणून गोरगरिबांची पोरे शहाणी झाली.

रामकृष्णहरी!