श्वास पाहा, पण नाडीही सोडू नका

हैदराबादच्या अफझलगंज रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोरोफॉर्म देण्याची एक ठरलेली रीत होती. रुग्णाला उताणे निजवायचे, छाती-पोटावर घट्ट कपडा ठेवायचा नाही आणि भूल देणाऱ्याने नजर फक्त श्वासावर ठेवायची. नाडीला हात लावायचा नाही. हा दंडक होता सर्जन एडवर्ड लॉरी यांचा. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले पुसेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत भुलेविषयीचा हा जगभर गाजलेला वाद रंगला.

वादाचे मूळ जुने होते. क्लोरोफॉर्मचा वापर नोव्हेंबर १८४७ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी भुलेखाली दगावली. शस्त्रक्रिया होती केवळ पायाचे नख काढण्याची. असे मृत्यू पुढेही होत राहिले. आधी काय बंद पडते, श्वास की हृदय, यावर डॉक्टरांत दोन तट पडले.

लॉरी एडिंबरामध्ये जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले होते. श्वासाकडे लक्ष द्या, ही गुरूची शिकवण त्यांनी आयुष्यभर जपली. हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन आणि वैद्यकीय शाळेचे प्रमुख म्हणून काम करताना त्यांनी ती शिष्यांनाही दिली. भूल देण्याच्या कामात पुढे नाव मिळवणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच शाळेत शिकल्या.

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी लॉरी यांनी निजाम मीर महबूब अली खान यांचे साहाय्य मिळवले. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामाने हजार पौंड देऊन तिथल्या तज्ज्ञालाच बोलावले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. ते विरुद्ध मताचे होते, पण प्रयोग पाहून त्यांनीही लॉरी यांची बाजू मान्य केली.

लॉरी यांना वाटले, प्रश्न सुटला. तो अर्धाच सुटला होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्म-भुलेत ॲड्रेनालिन वाढले तर हृदयाची लय बिघडून ते अचानक थांबू शकते. तेव्हा श्वासावरून इशारा मिळेलच असे नाही. श्वासावर अखंड पहारा हवा, हे लॉरी यांचे म्हणणे खरे ठरले. नाडी पाहूच नका, हा हट्ट मात्र घातक होता.

आज लहान मुलाचे अपेंडिक्स दुर्बिणीतून काढताना हा धडा जसाच्या तसा लागू पडतो. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. त्याच्या दाबाने श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसांना फुलायला जागा कमी उरते. शिवाय थोडा वायू रक्तातही शोषला जातो. वजनाच्या मानाने मुलांना प्रौढांपेक्षा बराच जास्त प्राणवायू लागतो आणि फुप्फुसातला साठा लहान असतो. त्यामुळे बिघाड झाला तर हाती वेळ थोडाच असतो.

त्यात मुलाचे अंग निर्जंतुक कापडाखाली असते. लॉरी पाहत ती छातीची हालचाल आता नीट दिसत नाही. ते काम कॅप्नोग्राफ करतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासातील कार्बन डायऑक्साइड तो मोजतो. साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा ही नेहमीची मर्यादा. आकडा चढू लागला की भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरचा वेग किंवा श्वासाचे प्रमाण बदलतात, गरज पडल्यास सर्जनला पोटातला दाब कमी करायला सांगतात. रेषा एकदम सपाट झाली, तर आधी नळी निसटली किंवा दुमडली का, हे पाहतात.

पण नळी खोल सरकून एकाच फुप्फुसात गेली, तर कॅप्नोग्राफची रेषा जवळपास नेहमीसारखी दिसू शकते. तेव्हा प्राणवायूचे घटते प्रमाण पल्स ऑक्सिमीटर दाखवतो आणि श्वासमार्गातील वाढता दाब व्हेंटिलेटर. हृदयाची लय ईसीजीवर दिसत असते. लॉरी यांनी एकाच खुणेवर भिस्त ठेवली होती. आजचा भूलतज्ज्ञ मुलाच्या उशाशी बसून या साऱ्या खुणा एकत्र वाचतो.