रेडिओचा कान पिळला की गाणारे पलूसकर

पलूस हे सांगली जिल्ह्यातलं गाव. गाण्याच्या दुनियेत ते पोचलं आडनावातून. घराणं मूळचं गाडगीळ, पण पलूसचं म्हणून पलूसकर. त्यातल्या पं. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. माईकशिवाय भरला मंडप गाजवणाऱ्या पिढीतला हा माणूस.

त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे बापूराव, २८ मे १९२१ ला नाशिकला जन्मला. दहाव्या वर्षी वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे. चौदाव्या वर्षी पोरगं थेट जालंधरच्या हरवल्लभ संगीत मेळ्यात गायलं.

पहिली रेकॉर्ड १९४४ ची. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात राग उभा करायचा! भलेभले इथे घाई करायचे. बापूराव तीन मिनिटांतही निवांत वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, लोक हे ऐकायचे कशावर? ग्रामोफोनवर, नाहीतर व्हॉल्व्हच्या रेडिओवर. रेडिओचा चालू-बंदचा स्विच बऱ्याचदा आवाजाच्या बटणामागेच असायचा. कान पिळला की ‘टक्’. आतली स्प्रिंग धातूची दोन टोकं झटक्यात जोडते, बंद करताना झटक्यात सोडते. हे हळू झालं तर फटीत ठिणगी रेंगाळते आणि टोकं जळतात. वीज आत गेली तरी सेट गप्पच! व्हॉल्व्हमधली तार तापेपर्यंत डायलच्या उजेडाकडे बघत बसायचं, मग आवाज हळूहळू वर यायचा.

आजच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्येही चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी ‘टक्’ होतं. तो रिले. आतली वीज स्थिरावेपर्यंत तो स्पीकर जोडत नाही, नाहीतर ‘धप्प’ असा दणका बसतो. वाट बघणं काही सुटलेलं नाही.

१९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये बापूराव बैजूसाठी गायले, समोर तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. ती जुगलबंदी शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्यांनाही माहीत आहे.

१९५५ साली ते भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला मुंबईत मेंदूज्वराने गेले. वय फक्त ३४. एका बाजूला वीसेक मिनिटं मावणाऱ्या एलपी रेकॉर्ड आपल्याकडे रुळायच्या आधीच. रेडिओवरची काही लांब ध्वनिमुद्रणं उरली आहेत, पण यूट्यूबवर शोधलंत तर त्यांचं बरंचसं गाणं तीन मिनिटांतच संपतं.