नगररचनाकार पॅट्रिक गेडिस

उज्जयिनीस क्षिप्रेला मिळणारी खान नदी इंदुराहून येते. त्या नगरीच्या सुधारणेसाठी होळकर दरबाराने स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांस पाचारण केले होते. १९१७ च्या एप्रिलात त्यांचा ज्येष्ठ पुत्र अलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. जूनमध्ये पत्नी ॲना कलकत्त्यास निवर्तल्या. रुग्णशय्येवरील मातेस पुत्राच्या मृत्यूची वार्ता त्यांनी कळू दिली नव्हती. त्याच वर्षी दिवाळीस, प्लेगने त्रस्त इंदुरात, जे रस्ते सर्वांत स्वच्छ त्यांवरूनच मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. घरोघरी झाडलोट झाली. सफाई कामगारांस मिरवणुकीत मानाचे स्थान लाभले. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयक अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. स्वतःचे घर उजाडले असता परक्यांची घरे उजळणाऱ्या या पुरुषाचे दीपोत्सवी स्मरण व्हावे.